डीएनए कापलाच जात नाही? रेस्ट्रिक्शन डायजेशन फसल्यावर तपासणी कोणत्या क्रमाने करावी

रेस्ट्रिक्शन डायजेशन, म्हणजे ठरावीक क्रमाच्या जागी कापणाऱ्या एन्झाइमने डीएनएचे तुकडे करणे, हा रेणवीय जीवशास्त्रातला सर्वांत सोपा प्रयोग समजला जातो आणि बहुतेक वेळा तो तसा असतोही. डीएनए, बफर, पाणी आणि एन्झाइम एका ट्यूबमध्ये घालायचे, तासभर ३७ अंश सेल्सिअसला ठेवायचे आणि जेलवर (विजेच्या साहाय्याने डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर) चालवून पाहायचे, एवढीच त्याची कृती आहे. तरीही विद्यार्थी जेलचे फोटो घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा सर्वाधिक तक्रार हीच असते की एन्झाइमने डीएनए कापलाच नाही. त्यामागोमाग दुसरे वाक्यही ठरलेले असते: एन्झाइम खराब झाले आहे, नवे मागवावे लागेल. प्रत्यक्षात एन्झाइम क्वचितच दोषी निघते. दोष बहुधा डीएनएच्या नमुन्यात, त्याच्या नकाशात किंवा जेल वाचण्याच्या पद्धतीत असतो, आणि या तिन्ही गोष्टी तपासण्याचा खर्च नव्या व्हायलच्या किमतीपुढे नगण्य असतो. खालच्या तपासण्या म्हणूनच खर्च आणि खटाटोप यांच्या चढत्या क्रमाने लिहिल्या आहेत.

लक्षणे

सर्वांत आधी आपल्या जेलवर नेमके काय दिसते ते ठरवावे, कारण "कापले नाही" या एका तक्रारीत निदान पाच वेगळे बिघाड लपलेले असतात.

एन्झाइम घातलेली आणि न घातलेली अशा दोन्ही ओळी हुबेहूब सारख्या दिसत असतील, तर कापणी मुळीच झालेली नाही. अपेक्षित बँड (सारख्या लांबीच्या तुकड्यांचे पट्टे) दिसत आहेत, पण त्यांच्या वर आणखी एक-दोन बँड आहेत आणि सर्वांची बेरीज मूळ प्लाझ्मिडच्या (जिवाणूतल्या लहान वर्तुळाकार डीएनएच्या) लांबीपेक्षा जास्त भरते, तर ती अर्धवट कापणी आहे. नकाशात नसलेले लहान बँड आले, तर एन्झाइमने नको तिथे कापले आहे किंवा ट्यूबमध्ये दुसरा डीएनए अथवा दुसरे एन्झाइम शिरले आहे. बँडऐवजी वरपासून खालपर्यंत धुरकट पट्टा दिसत असेल, तर न्यूक्लिएजने (डीएनए तोडणाऱ्या नकोशा एन्झाइमने) डीएनएचा चुरा केला आहे. आणि डीएनए जेलच्या खाचेतच अडकून बसला असेल किंवा सगळे बँड थोडे वर सरकलेले असतील, तर कापणी झालेली असूनही एन्झाइम डीएनएला चिकटून राहिलेले असू शकते. अशा वेळी एसडीएस (प्रथिने सोडवणारा डिटर्जंट) असलेला लोडिंग डाय (नमुना जेलवर भरताना त्यात घालायचा रंग) वापरून तोच नमुना पुन्हा चालवला की प्रश्न सुटतो.

खोटी लक्षणेही असतात. लॅम्डा या जिवाणूंवरच्या विषाणूचा डीएनए हिंड-थ्री या एन्झाइमने कापला की आठ तुकडे व्हायला हवेत: २३१३०, ९४१६, ६५५७, ४३६१, २३२२, २०२७, ५६४ आणि १२५ बेसजोड्यांचे. जेलवर सहाच दिसले म्हणून अनेकजण डायजेशन फसले असे लिहितात. परंतु खाचेत ५०० नॅनोग्रॅम डीएनए भरला असेल, तर ५६४ च्या तुकड्याच्या वाट्याला जेमतेम सहा नॅनोग्रॅम येतात आणि १२५ च्या वाट्याला सव्वा नॅनोग्रॅम. शिवाय एक टक्का जेलवर इतका लहान तुकडा पसरट होतो. तो दिसत नाही हेच स्वाभाविक आहे. याच नमुन्यात कधी ४३६१ चा बँड फिकट आणि सर्वांत वरचा बँड जाड दिसतो. लॅम्डाच्या दोन्ही टोकांना एकमेकांना पूरक असे चिकट धागे असतात, त्यांमुळे २३१३० आणि ४३६१ हे टोकांचे तुकडे परस्परांना जोडले जातात. जेलवर भरण्यापूर्वी नमुना ६५ अंशांवर पाच-दहा मिनिटे तापवून लगेच बर्फात ठेवला, की ते सुटे होतात.

एन्झाइमला काय हवे असते

पुढच्या तपासण्यांमागची कारणे कळण्यापुरती थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. जिवाणूंवर हल्ला करणाऱ्या विषाणूंचा डीएनए तोडून टाकणे हे या एन्झाइमांचे मूळ काम आहे. स्वतःचा डीएनए त्याच हत्याराने तुटू नये म्हणून जिवाणू आपल्या डीएनएवरील त्या क्रमावर मेथिल गट बसवतो, आणि मेथिल गट असलेली जागा एन्झाइम सोडून देते. वर्नर आर्बर, हॅमिल्टन स्मिथ आणि डॅनियल नेथन्स यांना १९७८ चे नोबेल मिळाले ते या व्यवस्थेचा शोध घेऊन तिचा उपयोग दाखवल्याबद्दल. मेथिल गटाची ही गोष्ट लक्षात ठेवावी. सहाव्या तपासणीत तीच उपयोगी पडते.

आपण वापरतो ती बहुतेक एन्झाइमे चार ते आठ बेसचा, दोन्ही धाग्यांवर उलटसुलट सारखाच वाचला जाणारा क्रम ओळखतात. इकोआर-वन जी-ए-ए-टी-टी-सी हा क्रम शोधते आणि जी व ए यांच्या मध्ये कापते. त्याचे दोन सारखे घटक जोडीने बसतात आणि प्रत्येक घटक एकेक धागा तोडतो. या तोडण्यासाठी मॅग्नेशियमचे आयन लागतात. ते नसतील तर एन्झाइम जागा शोधते, तिथे बसते, पण कापू शकत नाही. क्रमात एका बेसचा फरक असला तरी योग्य परिस्थितीत हे एन्झाइम ती जागा जवळजवळ पूर्णपणे नाकारते. या सर्व अटींपैकी कोणती मोडली आहे, एवढेच आपल्याला शोधायचे असते.

१. जेल पुन्हा वाचा

खर्च शून्य. न कापलेले प्लाझ्मिड जेलवर एकाच जागी दिसत नाही. पीळ पडलेले सुपरकॉइल्ड रूप सर्वांत पुढे धावते, एका धाग्याला चीर पडलेले सैल वर्तुळ सर्वसाधारणपणे सर्वांत मागे राहते आणि कापून सरळ झालेले रेषीय रूप या दोहोंच्या मध्ये येते. पीयूसी-१९ हे प्लाझ्मिड २६८६ बेसजोड्यांचे आहे. त्याचे सुपरकॉइल्ड रूप लॅडरमधल्या (ज्ञात लांबीच्या तुकड्यांच्या मापपट्टीतल्या) २६८६ च्या जागेपेक्षा बरेच खाली येते. लॅडरचे सगळे तुकडे रेषीय असतात, त्यामुळे न कापलेल्या वर्तुळाची लांबी लॅडरवरून मोजता येत नाही. "दोन बँड आले, म्हणजे दोन तुकडे झाले" असा निष्कर्ष काढणारे बरेचदा सुपरकॉइल्ड आणि सैल वर्तुळ यांनाच तुकडे समजत असतात.

म्हणूनच न कापलेल्या प्लाझ्मिडची ओळ शेजारी नसलेला फोटो मी वाचतच नाही. ती ओळ असेल तर आणखी एक बारकावा कळतो: एन्झाइम घातल्यावर सुपरकॉइल्ड बँड फिकट होऊन सैल वर्तुळाचा बँड वाढला असेल, तर अनेकदा एकच धागा तुटून काम थांबलेले असते. म्हणजे एन्झाइम जिवंत आहे, पण त्याला परिस्थिती अनुकूल नाही.

२. नकाशा तपासा

हेही फुकटच. आपण ज्या जागेवर विसंबून आहोत ती जागा हातातल्या प्लाझ्मिडमध्ये खरोखर आहे का, हे मूळ क्रमाच्या फाइलवरून पाहावे. जुन्या वहीत चिकटवलेल्या वर्तुळाकार चित्रावर भरवसा ठेवू नये. अनेक हातांतून फिरत आलेल्या प्लाझ्मिडचा नकाशा आणि प्रत्यक्ष प्लाझ्मिड यांच्यात फरक पडलेला असतो, कारण मधल्या कोणीतरी एखादी जागा भरून बुजवलेली असते आणि नाव मात्र तेच ठेवलेले असते. संगणकावर नकाशा काढताना क्रम "वर्तुळाकार" म्हणून नोंदवला आहे ना, हे पाहावे. तो रेषीय समजला गेला तर सुरुवात आणि शेवट यांच्या सांध्यावर येणारी जागा यादीत येत नाही आणि तुकड्यांची संख्याही चुकते.

३. ट्यूबमध्ये काय आणि कसे घातले

एन्झाइम ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये येते, त्यामुळे ते जड असते आणि घातल्याबरोबर तळाशी जाऊन बसते. ट्यूब नीट न ढवळता तापवायला ठेवली, तर वरच्या द्रवातला डीएनए आणि तळाचे एन्झाइम यांची गाठच पडत नाही. एन्झाइम सर्वांत शेवटी घालावे, पिपेटने हळूच वरखाली करून किंवा ट्यूबवर टिचकी मारून मिसळावे आणि मग काही सेकंद स्पिन करावे. व्होर्टेक्स टाळावा. दहापट तीव्रतेच्या बफरचेही तसेच आहे. फ्रीझरमधून काढल्यावर तो पूर्ण वितळू द्यावा आणि चांगला हलवावा, नाहीतर वरचा भाग पातळ आणि खालचा खारट राहतो.

एकूण मिश्रणात एन्झाइमचा वाटा दहाव्या भागापेक्षा जास्त नसावा. २० मायक्रोलिटरमध्ये २ मायक्रोलिटर एन्झाइम घातले की ग्लिसरॉल ५ टक्क्यांवर पोहोचते आणि तीच मर्यादा आहे. "कापत नाही, तर आणखी घालू" या विचाराने ४ मायक्रोलिटर घालणारे एका बिघाडातून दुसऱ्यात जातात. ग्लिसरॉल जास्त, क्षार कमी, आम्लता-निर्देशांक चढा, मॅग्नेशियमच्या जागी मँगनीज, नमुन्यात अल्कोहोल किंवा डीएमएसओ, अशा परिस्थितीत एन्झाइमची शिस्त सैल होते आणि ते आपल्या क्रमासारख्या दिसणाऱ्या जागाही कापू लागते. यालाच स्टार अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात. इकोआर-वनच्या बाबतीत मधले ए-ए-टी-टी शाबूत असले की कडेचे बेस काहीही चालतात, अशी वेळ येते. लक्षणांमधले "नकाशात नसलेले लहान बँड" बरेचदा इथून येतात, आणि त्यावरचा उपाय एन्झाइम व वेळ दोन्ही कमी करणे हाच आहे.

तापमानाकडे पाहायला कोणी फारसे जात नाही. सगळी एन्झाइमे ३७ अंशांची नाहीत. स्मा-वन २५ अंशांवर काम करते आणि ३७ वर लवकर निकामी होते. बीसीएल-वन आणि एसएफआय-वन यांना ५० अंश लागतात, टॅक-वनला ६५. हीट ब्लॉकच्या पडद्यावरचा आकडा हा ब्लॉकचा दावा असतो. ट्यूबमधल्या पाण्यात थर्मामीटर बुडवून खरे तापमान मोजावे. रात्रभर ठेवलेल्या ट्यूबच्या झाकणावर पाणी जमते आणि खाली उरलेले मिश्रण खारट व ग्लिसरॉलयुक्त होते, त्यामुळे रात्रभरच्या डायजेशनसाठी झाकणही तापणारे यंत्र वापरलेले बरे.

एन्झाइमची मात्रा ठरवताना युनिटची व्याख्या आठवावी. एका तासात, ५० मायक्रोलिटरमध्ये, १ मायक्रोग्रॅम लॅम्डा डीएनए पूर्ण कापणारे एन्झाइम म्हणजे साधारणपणे एक युनिट. लॅम्डा ४८५०२ बेसजोड्यांचा असून त्यात इकोआर-वनच्या पाच जागा आहेत. पीयूसी-१९ मध्ये जागा एकच आहे, पण तेवढ्याच वजनात त्याची १८ वर्तुळे मावतात, म्हणजे कापण्याच्या जागा साडेतीन पटींहून अधिक झाल्या. दोन्ही टोकांना जागा असलेला ५०० बेसजोड्यांचा, पीसीआरने (डीएनएच्या प्रती काढण्याच्या पद्धतीने) बनवलेला तुकडा घेतला, तर हाच आकडा ३९ पटींच्या जवळ जातो. लहान तुकड्यांची कापणी अर्धवट राहण्यामागे पुष्कळदा एवढे साधे गणित असते. सुपरकॉइल्ड प्लाझ्मिडलाही काही एन्झाइमे जास्त लागतात, म्हणून प्लाझ्मिडच्या प्रत्येक मायक्रोग्रॅममागे ५ ते १० युनिट घेण्याचा प्रघात आहे.

४. चार ट्यूबची चाचणी

इथपर्यंत काही सापडले नाही, तर अंदाज थांबवून एक दुपार या चाचणीला द्यावी. नवे एन्झाइम मागवण्याचा अर्ज कोणी पुढे केला की मी आधी हेच मागतो.

पहिल्या ट्यूबमध्ये आपला डीएनए आणि बफर, एन्झाइम नाही. दुसऱ्यात लॅम्डा डीएनए आणि एन्झाइम. तिसऱ्यात आपला डीएनए आणि लॅम्डा दोन्ही एकत्र, आणि एन्झाइम. चौथ्यात आपला डीएनए आणि त्याला एकाच जागी कापणारे कोणतेही दुसरे, खात्रीचे एन्झाइम, त्याच्या स्वतःच्या बफरमध्ये. चारही एकाच वेळी, तेवढाच वेळ ठेवाव्यात.

पहिल्या ट्यूबमधला डीएनए धुरकट झाला, तर नमुन्यात, बफरमध्ये किंवा पाण्यात न्यूक्लिएज आहे. दुसऱ्या ट्यूबमध्ये लॅम्डा कापला गेला नाही, तर दोष एन्झाइमचा, बफरचा किंवा तापमानाचा. केवळ याच निकालानंतर एन्झाइमवर संशय घ्यायला जागा उरते. दुसरीत लॅम्डा व्यवस्थित कापला गेला, पण तिसरीत तोच लॅम्डा अखंड राहिला, तर आपल्या नमुन्यासोबत एन्झाइमला अडवणारा काहीतरी पदार्थ आला आहे. तिसरीत लॅम्डा कापला गेला आणि आपला डीएनए मात्र तसाच राहिला, तर नमुना स्वच्छ आहे आणि अडचण त्या विशिष्ट जागेपाशी आहे. अशा वेळी चौथ्या ट्यूबमध्ये आपला डीएनए कापला गेलेला असेल, तर शंका उरत नाही. या सगळ्यात तिसरी ट्यूब सर्वांत बोलकी असते, आणि नेमकी तीच बहुतेकजण गाळतात.

दोन सावधगिरीच्या सूचना. लॅम्डामध्ये आपल्या एन्झाइमची जागा आहे ना, ते आधी पाहावे. नॉट-वनची एकही नाही, त्यामुळे तिथे लॅम्डा "न कापला जाणे" याला अर्थ नाही. तिसऱ्या ट्यूबमध्ये दोन्ही डीएनएचे बँड वेगळे ओळखता यायला हवेत. पीयूसी-१९ आणि हिंड-थ्री यांची जोडी सोयीची आहे, कारण कापलेले २६८६ चे प्लाझ्मिड लॅम्डाच्या ४३६१ आणि २३२२ या बँडांच्या मध्ये सुटे दिसते. पीबीआर-३२२ घेतले तर पंचाईत होते: तेही नेमके ४३६१ बेसजोड्यांचे आहे आणि लॅम्डाच्या बँडवर तंतोतंत जाऊन बसते.

५. नमुना स्वच्छ करा

तिसऱ्या ट्यूबने नमुन्याकडे बोट दाखवले, तर मिनीप्रेपमधून (जिवाणूंतून प्लाझ्मिड काढण्याच्या छोट्या कृतीतून) काय आले असेल याचा विचार करावा. कॉलमच्या किटमध्ये शेवटच्या धुण्यात इथेनॉल असते. ते पूर्ण निघाले नसेल तर नमुना जेलच्या खाचेत बसत नाही, वर तरंगून बाहेर पळतो. लोडिंग डाय घालूनही नमुना तरंगताना दिसला की डायजेशनच्या अपयशाचे कारण समोरच असते. कॉलम रिकामाच आणखी एक-दोन मिनिटे फिरवून मग डीएनए उतरवावा. ग्वानिडीनचे क्षार राहिले असतील, तर स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६० आणि २३० नॅनोमीटरचे गुणोत्तर खूप खाली येते. फिनॉल राहिला असेल तर २७० नॅनोमीटरच्या आसपास फुगवटा दिसतो. २६० आणि २८० चे गुणोत्तर १.८ आले म्हणून नमुना शुद्ध आहे असे समजू नये, कारण ते गुणोत्तर क्षार आणि अल्कोहोल यांविषयी काहीच सांगत नाही.

ईडीटीएची भीती मात्र थोडी अतिरंजित आहे, असे माझे मत आहे. ते मॅग्नेशियमला एकास एक प्रमाणात पकडते हे खरे. परंतु डीएनए साठवण्याच्या नेहमीच्या टीई बफरमध्ये ते १ मिलिमोलर असते आणि डायजेशनच्या बफरमध्ये मॅग्नेशियम साधारण १० मिलिमोलर. अर्धे मिश्रण टीईमधल्या डीएनएचे असले तरी नऊ मिलिमोलरहून अधिक मॅग्नेशियम मोकळे राहते. नमुना निर्वात यंत्रात आटवून दाट केला असेल, तरच ईडीटीएवर संशय घ्यावा.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे नमुना कमी घेऊन मिश्रण मोठे करणे: २० ऐवजी ५० मायक्रोलिटर. अडवणारा पदार्थ विरळ झाला की एन्झाइम पुष्कळदा आपसूक काम करू लागते. तेवढ्याने भागले नाही, तर इथेनॉलने डीएनए अवक्षेपित करून ७० टक्के इथेनॉलने धुवावा, किंवा नव्या कॉलमवरून काढावा. वनस्पतींचा जीनोमिक डीएनए ही वेगळीच डोकेदुखी आहे. आंबा किंवा डाळिंब यांच्या पानांतून पॉलिफिनॉल आणि चिकट शर्करा डीएनएसोबत येतात. नमुना पिवळट-तपकिरी किंवा बुळबुळीत दिसत असेल, तर डायजेशनची घाई न करता काढण्याच्या पद्धतीकडेच परत जावे.

६. मेथिल गट

नमुना स्वच्छ आहे, चौथी ट्यूब कापली गेली आहे आणि तरी आपले एन्झाइम हलत नाही, तर प्लाझ्मिड कोणत्या जिवाणूत वाढवले ते विचारावे. डीएच-फाइव्ह-अल्फासारख्या नेहमीच्या ई. कोलाय वाणांत डॅम नावाचे एन्झाइम जी-ए-टी-सी या क्रमातल्या ए वर मेथिल गट बसवते, आणि डीसीएम हे सी-सी-ए-जी-जी किंवा सी-सी-टी-जी-जी यांतल्या दुसऱ्या सी वर. बीसीएल-वनच्या टी-जी-ए-टी-सी-ए या क्रमाच्या पोटातच जी-ए-टी-सी आहे, त्यामुळे अशा वाणातून काढलेले प्लाझ्मिड ते कधीच कापत नाही. बॅमएच-वनच्या क्रमातही जी-ए-टी-सी आहे, पण त्याला डॅमची बाधा होत नाही; म्हणून नुसत्या क्रमावरून अंदाज न करता प्रत्येक एन्झाइमची माहिती वेगळी वाचावी.

खरा चकवा एक्सबा-वन देते. त्याच्या टी-सी-टी-ए-जी-ए या क्रमात जी-ए-टी-सी नाही. परंतु त्याच्या लगेच पुढे योगायोगाने टी-सी आले किंवा लगेच मागे जी-ए आले, की सांध्यावर जी-ए-टी-सी तयार होते आणि ती जागा बंद पडते. त्यामुळे एकाच प्लाझ्मिडमधली एक एक्सबा-वन जागा कापली जाते आणि दुसरी नाही, असे दृश्य दिसते आणि माणूस गोंधळून अर्धवट कापणीचे उपाय करत बसतो. क्ला-वनचेही असेच आहे. पीसीआरने बनवलेल्या तुकड्यावर मेथिल गट नसतात. तोच क्रम पीसीआर तुकड्यात कापला जातो आणि प्लाझ्मिडमध्ये नाही, असे आढळले तर निदान जवळजवळ निश्चित झाले.

उपाय म्हणजे जेएम-११० सारख्या, डॅम आणि डीसीएम नसलेल्या वाणात प्लाझ्मिड पुन्हा घालून वाढवणे. बदल झाला की नाही हे डीपीएन-वनने पाहावे, कारण ते केवळ मेथिल गट असलेले जी-ए-टी-सी कापते. नव्या प्लाझ्मिडवर त्याचा परिणाम होता कामा नये. अशा वाणांत रूपांतरित वसाहती कमी येतात याची तयारी ठेवावी. त्यांत दुरुस्तीची यंत्रणा कमकुवत असल्याने उत्परिवर्तनेही जास्त होतात, तेव्हा प्लाझ्मिडचा कायमचा साठा त्यांत ठेवू नये.

७. टोके, शेजार आणि हट्टी एन्झाइमे

पीसीआर प्रायमरच्या (प्रत जिथून सुरू होते त्या लहान धाग्याच्या) अगदी टोकावर ओळखक्रम ठेवला, तर एन्झाइमला धरायला पलीकडे डीएनएच नसतो. क्रमाच्या बाहेर सहा जादा बेस ठेवले की बहुतेक एन्झाइमे काम करतात. हीच अडचण प्लाझ्मिडमध्ये दोन जागा अगदी जवळ असल्या की येते: एक कापली की दुसरी टोकावर पडते. पीयूसी-१९ मध्ये केपीएन-वन, स्मा-वन आणि बॅमएच-वन सलग आहेत आणि त्यांचा सलग क्रम जी-जी-टी-ए-सी-सी-सी-जी-जी-जी-जी-ए-टी-सी-सी असा आहे. केपीएन-वन आणि स्मा-वन यांच्यात दोन सी सामाईक आहेत, स्मा-वन आणि बॅमएच-वन यांच्यात एक जी. शेजारच्या दोन एन्झाइमांनी एकाच वेळी कापण्याचा बेत इथे मुळातच चुकीचा ठरतो, जागा बदलाव्यात.

दुहेरी कापणीत दोन्ही एन्झाइमांना मानवणारा बफर नसेल, तर कमी क्षाराचे एन्झाइम आधी वापरून, जेलवर कापणी तपासून, मग क्षार वाढवून दुसरे घालावे. एसएफआय-वनसारखी काही एन्झाइमे एका वेळी दोन जागा धरून कापतात, म्हणून एकच जागा असलेल्या प्लाझ्मिडवर ती रेंगाळतात. तिथे जास्त वेळ द्यावा किंवा दुसरे एन्झाइम निवडावे.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

दुसऱ्या ट्यूबमधला लॅम्डा ताज्या बफरमध्ये, मोजून खात्री केलेल्या तापमानावरही कापला गेला नाही, तर आपले काम संपले. लॉट क्रमांक, मिळाल्याची तारीख आणि चार ट्यूबच्या जेलचा फोटो घेऊन उत्पादकाच्या तांत्रिक विभागाशी बोलावे. त्याआधी फ्रीझर पाहावा. ५० टक्के ग्लिसरॉलमधले एन्झाइम उणे २० अंशांवर द्रवच राहते; व्हायल घट्ट गोठलेली आढळली तर फ्रीझर जास्त थंड आहे किंवा व्हायलमध्ये पाणी गेले आहे. आपोआप बर्फ वितळवणारे घरगुती फ्रीझर आणि लोडशेडिंग या दोन्हींमुळे तापमान वरखाली होते, तेव्हा एन्झाइमे शीतठोकळ्यात ठेवून शेजारी किमान-कमाल तापमापक ठेवावा. तापमान हलत असेल तर तंत्रज्ञाला बोलवावे. फ्रीझर किंवा हीट ब्लॉक स्वतः उघडू नये.

मेथिल गट नसलेल्या वाणातून काढलेले प्लाझ्मिडही कापले गेले नाही, तर आणखी डायजेशने करण्यात अर्थ नाही. ती जागा बदललेली असण्याची शक्यता दाट आहे आणि ते सँगर सिक्वेन्सिंगच (डीएनएचा क्रम वाचण्याची पद्धत) सांगू शकते. वाचनाचे पहिले काही डझन बेस नीट येत नाहीत, म्हणून प्रायमर संशयित जागेपासून निदान शंभर बेस दूर निवडावा.

रुग्णाच्या नमुन्यावरचे डायजेशन फसले, तर पहिल्याच पायरीवर थांबावे. सिकल सेलच्या निदानात हे सर्वांत धोक्याचे ठरते, आणि विदर्भ व नंदुरबारच्या पट्ट्यात हा आजार आहे. बीटा-ग्लोबिन जनुकातला सी-सी-टी-जी-ए-जी-जी हा क्रम एमएसटी-टू कापते. सिकलच्या उत्परिवर्तनात मधल्या ए च्या जागी टी येतो आणि जागा नाहीशी होते. म्हणजे इथे "न कापला जाणे" हाच आजाराच्या जनुकाचा पुरावा मानला जातो, आणि निरोगी माणसाचा अर्धवट कापला गेलेला डीएनए वाहकाच्या डीएनएसारखा दिसतो. तिथे एन्झाइम वाढवून किंवा वेळ वाढवून निकाल "जुळवू" नये. उरलेला नमुना तसाच जपून, ज्ञात निरोगी आणि ज्ञात वाहक अशा दोन्ही नमुन्यांसह चाचणी करणाऱ्या मान्यताप्राप्त निदान प्रयोगशाळेकडे पाठवावा, आणि तोपर्यंत रुग्णाच्या कागदावर काहीही लिहू नये.